शुगर असलेल्या पुरुषांच्या लैंगिक तक्रारी: गोळी सातव्या पायरीवर आहे, पहिल्या नाही

रात्री साडेनऊला आमच्या मेडिकलचं शटर अर्ध्यावर आलं की एक ठराविक गिऱ्हाईक येतं. आधी डोकेदुखीची पट्टी मागणार, मग खोकल्याच्या गोळ्या, मग दुकानात उभ्या असलेल्या ताई जायची वाट बघणार आणि मग काउंटरवर वाकून हळूच, "ती पॉवरची गोळी द्या ना, स्ट्राँगमधली." चिठ्ठी नसतेच. शुगर आहे का विचारलं तर "आहे थोडी." मध्यंतरी अशाच एका काकांनी पैसे द्यायला पाकीट उघडलं आणि नोटांमधून सॉर्बिट्रेटची अर्धी पट्टी खाली पडली. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी. ह्या दोन गोळ्या एकत्र पोटात गेल्या तर बीपी इतकं खाली जातं की माणूस उठत नाही. काकांना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, आणि गोळी न देता घरी पाठवलं.

तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणत होतो. शुगर मलाही आहे, अकरा वर्षं झाली, त्यामुळे हे सगळं काउंटरच्या दोन्ही बाजूंनी बघितलंय. शुगर असलेल्या निम्म्याहून जास्त पुरुषांना कधी ना कधी हा त्रास होतो आणि इतरांपेक्षा दहा-पंधरा वर्षं आधीच होतो, म्हणजे तुम्ही काही जगावेगळे नाही. उपाय आहेत, फक्त लोक उलट्या टोकाने सुरू करतात.

## पायरी १: तक्रार नेमकी कुठली ते आधी ठरवा

"प्रॉब्लेम आहे" एवढ्यावर कुणालाच काही कळत नाही, डॉक्टरलाही नाही. ह्यातलं तुमचं कुठलं ते बघा, एकापेक्षा जास्त असू शकतं:

- इच्छा होते पण लिंग ताठ होत नाही, किंवा होतं आणि मध्येच ढिलं पडतं.
- मुळात इच्छाच कमी झालीय.
- ताठ होतं पण वीर्य लगेच पडतं.
- शेवटपर्यंत सगळं नीट होतं पण वीर्य अगदी थोडं येतं किंवा येतच नाही.
- खाज, लाली, कातडीला चिरा, पुढची कातडी मागे जात नाही.

पाचही गोष्टींची कारणं वेगळी आणि औषधं पण वेगळी. ताठरतेची गोळी इच्छा वाढवत नाही, हे शंभरदा सांगूनही लोकांना पटत नाही. आणि खाजेसाठी ती गोळी घेणारे पण मी पाहिलेत, काय बोलणार.

तपासून बघा: पहाटे जाग येते तेव्हा लिंग ताठ असतं का? असेल, आणि फक्त बायकोजवळ गेल्यावरच अडतं, तर टेन्शन, भीती, घरातली भांडणं ह्याचा वाटा मोठा असू शकतो. पहाटेचं पण हळूहळू बंद झालं असेल तर रक्तवाहिन्या आणि नसांकडे बोट जातं. बऱ्याचदा दोन्ही असतं, आधी शरीराचं सुरू होतं आणि मग एकदा फजिती झाली की पुढच्या वेळी मनच घाबरतं.

## पायरी २: कातडीचा त्रास असेल तर बाकी सगळं थांबवून आधी तो

शुगर वाढली की लघवीत साखर उतरते आणि कातडीखाली ओल राहते, तिथे बुरशीची मजाच. त्यात हल्ली डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ह्या गोळ्या खूप चालतात, त्या साखर लघवीवाटेच बाहेर काढतात, म्हणून त्या घेणाऱ्यांना हा त्रास जास्त. पण म्हणून गोळी स्वतःच बंद करू नका, ती हृदयाला आणि किडनीला चांगली असते, डॉक्टरांना सांगा आणि ते ठरवतील.

करायचं काय: दिवसातून एकदा-दोनदा कातडी हलकेच मागे घेऊन साध्या पाण्याने धुवा, कोरडं करा, कातडी परत पुढे आणा. प्रत्येक लघवीनंतर टिपून घ्या. डेटॉल टाकून धुणारे बरेच आहेत, त्याने कातडी अजून सोलते. डॉक्टर सहसा क्लोट्रिमाझोलसारखं साधं बुरशीचं मलम एक-दोन आठवडे देतात. बायकोला पण खाज असेल तर दोघांनी एकदम औषध घ्यायचं, नाहीतर एकमेकांना देत बसाल.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. "तीन-इन-वन" मलम. खाज, बुरशी, जंतू सगळ्यावर चालणारं म्हणून लोक नावाने मागतात, त्यात कडक स्टेरॉइड असतं. दोन दिवसात खाज थांबते म्हणून खूश, आणि महिन्याभराने कातडी पातळ आणि बुरशी दुप्पट.

सावधान: कातडी मागे गेली आणि पुढे येतच नाही, टोक सुजायला लागलं, तर सकाळची वाट बघू नका, त्याच वेळी हॉस्पिटल. तसंच अंडकोष आणि गुदद्वार ह्यांच्या मधल्या भागात दुखणं, सूज, लाली आणि सोबत ताप, हे क्वचित होतं पण जिवावर बेततं, तासाभरात निघा.

## पायरी ३: दोन आठवडे वही

जुनी डायरी चालेल. रोज तीन गोष्टी लिहा: शुगर किती, पहाटे ताठरता होती की नाही, प्रयत्न केला असेल तर काय झालं. त्या दिवशी दारू होती का, झोप झाली का, भांडण झालं का, हे पण एका शब्दात. घोरण्याची बोंब बायको करत असेल तर ते पण लिहा, झोपेत श्वास अडकण्याचा आजार असला तर त्याचाही ह्यात हात असतो.

डॉक्टर लोक पाच प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली वापरतात, एकूण २५ मार्क, २१ किंवा खाली आले तर ताठरतेचा त्रास आहे असं धरतात. क्लिनिकमध्ये ती मागून भरा आणि आकडा वहीत लिहून ठेवा, हा आकडा शेवटी लागणार आहे.

## पायरी ४: घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत

ही पायरी जवळजवळ सगळेच सोडतात, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. शुगरवाल्या माणसाच्या घरी बीपी, कोलेस्टेरॉल, प्रोस्टेट, पायाची आग, ॲसिडिटी अशी पाच-सात पाकिटं असतातच आणि ती तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी लिहिलेली असतात, एकाचं दुसऱ्याला माहीत नसतं. सगळ्या पट्ट्या पिशवीत घाला आणि हे शोधा:

बीपीच्या गोळीच्या नावापुढे "एच" असेल तर सहसा त्यात लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायाझाइड असतं, त्याने आणि क्लोर्थॅलिडोनने ताठरता कमी होऊ शकते. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल ह्यांनी पण. प्रोस्टेटच्या टॅम्सुलोसिन, सिलोडोसिनने वीर्य कमी येतं किंवा बाहेर येतच नाही. केसांसाठी किंवा प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड चालू असेल तर इच्छा कमी होऊ शकते. डिप्रेशनच्या एस्सिटालोप्राम, पॅरॉक्सेटिनने वीर्य पडायला उशीर आणि इच्छा कमी. पायाच्या आगीसाठी दिलेल्या प्रीगॅबालिनने पण काही जणांना फरक पडतो. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ कमी होतं आणि नसा अजून बिघडतात, शाकाहारी असाल तर जास्तच लक्ष द्या.

यादी वाचून एकही गोळी मनाने थांबवायची नाही. मेटोप्रोलॉल एकदम सोडलं तर हार्टला झटका बसू शकतो. पिशवी घेऊन डॉक्टरकडे जायचं आणि विचारायचं, ह्याच्या जागी दुसरी देता येईल का. पुष्कळदा येते.

आणि पिशवीत सॉर्बिट्रेट, नायट्रोग्लिसरीन, आयसोसॉर्बाइड, निकोरँडिल ह्यातलं काहीही सापडलं, रोजचं असो की पाकिटात इमर्जन्सीसाठी ठेवलेलं असो, लाल पेनने वरच्या ओळीत लिहा. तुमच्यासाठी पायरी ७ बंद, सरळ आठवर जा.

## पायरी ५: तपासण्या, आणि त्या कधी करायच्या

एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर), लिपिड प्रोफाइल, क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन, थायरॉइड, बी-१२ आणि टेस्टोस्टेरॉन. ह्यातलं बरंचसं तुमच्या वर्षाच्या पॅकेजमध्ये झालेलं असेल, जुने रिपोर्ट चालतात का ते विचारा, उगाच पैसे घालवू नका.

चूक होते ती टेस्टोस्टेरॉनमध्ये. हे हार्मोन सकाळी जास्त असतं आणि दिवसभर उतरत जातं, जेवल्यावर पण उतरतं. लोक ऑफिस सुटल्यावर संध्याकाळी लॅबमध्ये जातात, आकडा कमी येतो, आणि कुणीतरी इंजेक्शन सुरू करतं. सकाळी ८ ते १० च्या मध्ये, उपाशीपोटी, ताप-आजारपण नसताना द्या. कमी आलं (साधारण ३०० नॅनोग्रॅम/डेसिलिटरच्या खाली) तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा. दोन्ही वेळा कमी आणि लक्षणं पण असतील तरच पुढची चर्चा.

सावधान: मूल हवं असेल तर टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन किंवा जेल घेऊ नका. शुक्रजंतू बनणंच थांबतं. हे न विचारता जिममधल्या माणसाच्या सांगण्यावरून घेतलेले लोक नंतर वर्षभर चकरा मारतात.

## पायरी ६: डॉक्टर, आणि हृदय

आधी तुमचेच शुगरचे डॉक्टर. त्यांनी विचारलं नाही म्हणून तुम्ही बोलला नाहीत, तुम्ही बोलला नाहीत म्हणून त्यांनी विचारलं नाही, असं वर्षानुवर्षं चालतं. एक वाक्य पाठ करून जा: "डॉक्टर, सहा महिन्यांपासून लिंग नीट ताठ होत नाहीये, गोळ्यांमुळे आहे की शुगरमुळे, बघाल का?" झालं. तोंडातून निघत नसेल तर वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि वही पुढे करा. गरज पडली तर ते युरॉलॉजिस्टकडे पाठवतील.

स्टेशनच्या मुतारीत आणि लोकलच्या डब्यात "गुप्तरोग, खात्रीशीर इलाज" अशी स्टिकरं असतात त्यांच्याकडे जाऊ नका. शुगर बरी करतो आणि लैंगिक ताकद वाढवतो असं सांगणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे, तरी लावतात. अशा "शुद्ध आयुर्वेदिक" कॅप्सुलांमध्ये सिल्डेनाफिल, म्हणजे पॉवरच्या गोळीतलंच औषध, गुपचूप मिसळलेलं अनेकदा सापडलंय. म्हणजे सॉर्बिट्रेटवाल्याने गोळी टाळली आणि जडीबुटी म्हणून तीच घेतली, असा प्रकार.

हृदयाचं का? लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, एक-दोन मिलीमीटरच्या, म्हणून चरबी साचायला लागली की त्या आधी तुंबतात. ताठरता गेल्यावर दोन-पाच वर्षांनी हार्टचा त्रास उघड झाला असं बऱ्याच जणांत दिसतं. आणि शुगरमध्ये नसा बधिर झाल्या तर छातीत दुखत पण नाही.

तपासून बघा: वीस मिनिटं भरभर चालून आल्यावर दोन जिने न थांबता चढता येतात का? धाप, छातीत दडपण, चक्कर आली तर गोळीच काय, संबंधसुद्धा डॉक्टरांनी ईसीजी वगैरे बघेपर्यंत थांबवा. तंबाखू, मशेरी, सिगरेट चालू असेल तर ह्याच पायरीवर सोडायला घ्या, बाकी सगळं करून ते चालू ठेवलं तर नळ उघडा ठेवून फरशी पुसण्यासारखं आहे. आठवड्याला साधारण १५० मिनिटं घाम येईल असं चालणं पण इथूनच, फरक दिसायला महिने लागतात.

## पायरी ७: आता गोळी

चिठ्ठी असेल तर काउंटरवर काही बोलायचीसुद्धा गरज नाही, पुढे करा, आम्ही देतो.

मुख्य दोन. सिल्डेनाफिल साधारण तासभर आधी घ्यायची, चार-पाच तास परिणाम राहतो. टॅडालाफिल दोन तास आधी घेतलेली बरी, परिणाम ३६ तासांपर्यंत राहू शकतो, आणि तिचा रोज घ्यायचा कमी पॉवरचा ५ मिलिग्रॅमचा डोस पण मिळतो. किडनी बिघडलेली असेल किंवा वय ६५ च्या पुढे असेल तर डॉक्टर कमीपासून सुरू करतात. दिवसात एकदाच.

"गोळी चाललीच नाही" म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची गोळी नाही, पद्धत चुकलेली असते. माझीच गोष्ट सांगतो. पहिल्यांदा डॉक्टरांनी सिल्डेनाफिल ५० लिहून दिली, तो रविवार होता, घरी मटण, वर दोन भाकऱ्या आणि तांबडा रस्सा. जेवून उठलो, गोळी घेतली, अर्ध्या तासाने खोलीत गेलो. काही नाही. दोघं छताकडे बघत पडलो आणि मनात म्हटलं संपलं आता. काउंटरवर दिवसभर लोकांना "उपाशीपोटी घ्या" सांगणारा माणूस मी. तेलकट-तुपकट जेवणावर सिल्डेनाफिल उशिरा आणि कमी लागू होते. पुढच्या वेळी जेवणाआधी घेतली, तासभर थांबलो, मग चाललं. टॅडालाफिलला जेवणाचं बंधन नाही.

दुसरी चूक म्हणजे गोळी घेऊन मोबाइल बघत बसणं. गोळी आपोआप काही करत नाही, जवळीक, स्पर्श लागतोच. तिसरी, एकदा-दोनदा घेऊन सोडून देणं. डॉक्टरांनी ठरवलेल्या पूर्ण डोसवर, नीट पद्धतीने, सहा-आठ वेळा घेतल्याशिवाय ती फेल धरत नाहीत. चौथी दारू. एखादा पेग ठीक, "मूड" म्हणून क्वार्टर घेतली तर गोळी आणि दारू दोन्ही बीपी पाडतात.

डोकं दुखणं, चेहरा गरम, नाक बंद, थोडं निळसर दिसणं हे होऊ शकतं. जांघेच्या नायट्यासाठी इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल चालू असतील तर आधी सांगा, तिच्यामुळे ह्या गोळीची रक्तातली मात्रा वाढते. हे कुणालाच माहीत नसतं. प्रोस्टेटची टॅम्सुलोसिन असेल तरी सांगा, डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल तर डोळ्याच्या डॉक्टरांना पण.

सावधान: गोळी घेतल्यावर छातीत दुखलं तर हॉस्पिटलमध्ये पोचल्या पोचल्या पहिलं वाक्य, "मी अमुक गोळी इतक्या वाजता घेतलीय." लाज नंतर. सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि टॅडालाफिलनंतर ४८ तास सॉर्बिट्रेट देत नाहीत. एका डोळ्याने अचानक दिसेनासं झालं किंवा ताठरता चार तास उतरली नाही, तरी लगेच निघा.

आणि शुगर कमी होणं: इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेत असाल तर संबंधाच्या मेहनतीने पण शुगर उतरते. घाम, धडधड, थरथर, हे सगळं त्या वेळी तसंही होतंच, म्हणून कळत नाही. आधी एकदा मशीनवर बघा, उशाशी ग्लुकोज पावडर ठेवा. तीन चमचे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. व्होग्लिबोस घेणाऱ्यांनी साखर किंवा चॉकलेट नाही, ग्लुकोजच घ्यायचं, कारण ती गोळी साखर पचायलाच उशीर करते.

## पायरी ८: गोळी चालत नाही किंवा घेता येत नाही

नसा जास्त गेलेल्या असल्या तर गोळीचा उपयोग कमी. मग पुढे तीन रस्ते. व्हॅक्यूम पंप: नळीत हवा ओढून रक्त भरायचं आणि मुळाशी रबरी रिंग लावायची. रिंग ३० मिनिटांच्या वर ठेवायची नाही, रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आधी विचारा. दुसरं, लिंगात बारीक सुईचं इंजेक्शन, ऐकून पोटात गोळा येतो पण इन्सुलिन टोचणाऱ्याला फार अवघड नाही, मात्र पहिला डोस क्लिनिकमध्येच. तिसरं, इम्प्लांटचं ऑपरेशन. ते केलं की मागे फिरता येत नाही, त्यामुळे शेवटी, आणि शुगर ताब्यात आणूनच, नाहीतर इन्फेक्शनची भीती.

## पायरी ९: मूल हवं असेल

संबंध नीट होतो पण वीर्य येत नाही आणि नंतरची पहिली लघवी गढूळ दिसते, तर वीर्य उलटं मूत्राशयात जातंय. नसांमुळे किंवा टॅम्सुलोसिन-सिलोडोसिनमुळे. त्या लघवीची लॅबमध्ये तपासणी होते. धोका काही नाही, पण दिवस राहत नाहीत आणि दोष बायकोच्या माथी मारून तिच्याच तपासण्या दोन-दोन वर्षं चालतात. गोळी बदलून किंवा औषधाने काहींचं सुधारतं, नाहीतर लघवीतून शुक्रजंतू वेगळे काढून उपचार करता येतात. ह्यासाठी लघवीची तयारी आधी करावी लागते, ती सेंटरवाल्यांना विचारूनच.

## पायरी १०: तीन महिन्यांनी वही पुन्हा उघडा

एचबीएवनसी पुन्हा करा (बहुतेकांना ७ च्या आत ठेवायला सांगतात, तुमचा आकडा डॉक्टर सांगतील) आणि ते पाच प्रश्न पुन्हा भरा. १२ वरून १७ आलं तर तेच चालू ठेवा. तिथेच अडकलं तर पायरी ४ ची पिशवी परत काढा, मधल्या काळात कुणीतरी नवीन गोळी लिहिलेली असते.

आणि हे सगळं बायकोपासून लपवून करू नका. तुम्ही पाठ फिरवून झोपता तेव्हा तिला शुगर आठवत नाही, तिला वाटतं आपल्यातच काही उरलं नाही किंवा ह्यांचं बाहेर काही चालू आहे. ते पाच प्रश्न पण तिच्याशी बोलून भरलेले बरे. माझे पहिल्या वेळी चुकलेच होते, मी चार मार्क जास्त दिले होते, तिने वही बघून खोडले.